हिरीबाईचे रविवार

कामरगावच्या पुढे एका वस्तीत पत्र्याचं छोटं चर्च आहे. अमरावतीहून फादर महिन्यातून एकदाच येत. उरलेले रविवार कित्येक वर्षं हिरीबाईने सांभाळले. आठवडाभर सोयाबीन निंदलेल्या हातांनी ती बायबल उघडायची, चष्मा नाकावर सारायची आणि खणखणीत आवाजात वाचायची. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या वस्तीतल्या दौलतसिंगकडे अशी बघायची की त्याची झोपच उडायची.

पण चर्चच्या कायद्याची रेघ तिने कधी ओलांडली नाही. ती प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेली साधी भाविक. तिने मिस्सा, म्हणजे फादरांनीच चालवायची मुख्य उपासना, करायची नाही, पापनिवेदन ऐकायचं नाही, आशीर्वाद द्यायचा नाही, वेदीजवळच्या फादरांच्या खुर्चीत बसायचं नाही. गुडघे गेले तेव्हा लोक म्हणाले, बसा की, कोण बघायला येतंय? बाई खांबाला टेकून उभी राहिली, पण खुर्चीत काही बसली नाही. हट्टी म्हणा हवं तर.

यंदा एक तरुण फादर वस्तीत कायमचे राहायला आले. त्यांची खोली हिरीबाईनेच झाडून दिली. पहिल्या रविवारी ती बाकावर जाऊन बसली. मिस्सा इतकी सुरेख झाली की तिचे डोळे भरून आले. याच दिवसासाठी तर तिने देवाला साकडं घातलं होतं. तरी घरी जाताना तिला जुने रविवार फार आठवले. पोरांची मध्येच चुकणारी गाणी, प्रार्थनेनंतरचा काळा चहा, आणि घरातलं दुखणंखुपणं आधी तिलाच येऊन सांगणारी माणसं. आता आपलं काय काम उरलं, या विचाराने ती आतून पोखरून निघाली.

त्याच आठवड्यात शेजारची निता तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन दारात आली. डॉक्टरचं औषध चालू होतं. आता फादर आहेत, त्यांच्याकडे जा, असं हिरीबाईने तिला सांगितलं.

"तिथूनच आली मी, मावशी. फादरनं आशीर्वाद देला. आता तू प्रार्थना कर."

"मले आशीर्वाद देता येत नाही, बाई. देवाजवळ मागता येते फक्त."

"मंग माग ना. आजवर आमच्यासाठी तूच मागत आली."

हिरीबाईने लेकराला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले. मागता मागता तिला रडू आलं. लेकरू झोपलं तरी तिचं मागणं संपेना. वस्तीतल्या एकेका घराचं नाव घेऊन झालं, आणि शेवटी तिने त्या नव्या फादरांसाठीही मागितलं.