सात नंबरचा हात

ये, अशी जवळ बस. मोबाइल ठेव तो पर्समधी. पुसदच्या शिवण कारखान्यात सुपरवायझर काय झाली, आजीकडे यायले सवडच नाही तुले! अन् आल्याबरोबर म्हणते काय, "माह्या हाताखालच्या बाया कामचुकार हायेत." थांब. मी बी कामचुकार होती. ऐक.

दिग्रसच्या एका जिनिंगमधी मी कापसातला पाला-कचरा निवडायची. तवाचे म्हातारे दिवाणजी कापसाची गाडी आली की पहिले मलेच हाक मारत. "बाई, पाहा बरं, हात काय सांगते तुमचा?" मी कोपरापर्यंत हात खुपसायची अन् सांगायची, वरून कोरडा हाय, आत ओला. ओला कापूस गंजीत दबला की तापते, पिवळा पडते. दिवाणजी माहं ऐकत. मंग सुट्टीची घंटी झाली तरी हातातलं काम पुरं करूनच मी उठायची. कोणी थांब म्हटलं नव्हतं.

मंग दिवाणजीच्या जागी नवा मॅनेजर आला. आमची नावं गेली, नंबर आले. मी सात. एक दिवस म्हटलं, "साहेब, हा माल ओला हाय." साऱ्या बायांसमोर हासला तो. "सात नंबर, तुमच्या हातात मशीन बसवली काय? कचरा काढा. विचारल्याबिगर तोंड उघडलं तर उद्यापासून येऊ नका."

त्या दिवशी मले भाकर गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून फक्त कचरा काढला. घंटी वाजली की मुठीतला कापूस तसाच टाकून उठायची.

पुढं मोठी गंजी लागली. मी हात घातला, तर आत चुलीजवळच्या पोत्यावानी ऊन. हात काढला, पदराले पुसला. बाजूची म्हणे, "सांग ना वं!"

"मले विचारलं काय कोणी?"

चार दिवसांनी शेठ आले, गंजी उकरली. आत हळदीवानी पिवळी! मॅनेजर माह्यावर धावला, "तुमाले समजत होतं, मंग सांगतलं काहून नाही?"

"साहेब, सात नंबरले बोलाची मनाई हाय."

मागून एक बाई फिसकन हासली. शेठनं त्याच्याकडे फक्त पाह्यलं. महिन्याच्या आत नोकरी गेली त्याची.

कापसाचं वाईट वाटते मले. त्याचं रत्तीभर नाही. तो उतरलेला चेहरा आठवला की आजही चहा गोड लागते.

तुह्या कारखान्यातबी एखादी हात पुसून गप बसली असन. तिचं नाव तरी माहीत हाय काय तुले? नसन, तर मी तिच्याच बाजूनं हाय, ध्यानात ठेव. जाय, इचार तिले. अन् ती काय म्हणाली ते सांगाले लवकर ये वं. तुरीच्या शेंगा भरल्या हायेत, उकडून ठेवीन.