सायकलीला सवत कोण म्हणंल?

मावशींच्या टपरीवर पहिला चहा गिऱ्हाइकाला कधीच मिळायचा नाही. मुळशी धरणाच्या पुढे, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची पत्र्याची टपरी होती. दर रविवारी हिंजवडीहून सायकली हाणत तिथं पोचेपर्यंत आमच्या घशाला कोरड पडलेली असे. पण आम्ही कितीही गलका केला तरी पातेल्यातला पहिला पेला आक्कांकडे जायचा. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, असं आम्ही समजत होतो. त्या मागच्या बाजूला लाकडी खोक्यावर बसून लसूण सोलत असायच्या. आक्कांनी घोट घेऊन मान हलवली की मग मावशी आमच्याकडे वळायच्या. आमच्यातल्या निखिलनं एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, "आदी आक्का. मंग देव. मंग तुमी."

मावशी साठीच्या पुढच्या, काटक आणि तोंडाच्या भलत्याच फटकळ. आमच्या सायकलींचं त्यांना काडीचंही कौतुक नव्हतं. कुणी नवीन सायकल आणली की हात पदराला पुसत बाहेर यायच्या, सायकलीभोवती एक फेरी मारायच्या आणि निकाल द्यायच्या. "घंटी न्हाई, क्यारेज न्हाई, मडगार्ड न्हाई, स्टँडबी न्हाई. मंग दुकानदारानं दिलं तरी काय तुमास्नी?" मी एकदा मोठ्या अभिमानानं सांगितलं की मावशी, ही इतकी हलकी आहे की दोन बोटांवर उचलते. त्या म्हणाल्या, "मंग उचलूनच न्या की घरला. चालवत कशाला बसता?" पुढचे दोन महिने माझी सगळ्यांनी या वाक्यावरून टर उडवली.

एवढं बोलायच्या, पण माणूस पडला की पहिल्या धावायच्या. खडीवरून घसरून माझं कोपर फुटलं तेव्हा त्यांनी जखमेत हळद दाबली आणि माझ्या बोंबलण्याकडे साफ दुर्लक्ष करून वर चिंधी बांधली. बांधता बांधता म्हणाल्या, "सा दिस खुर्चीत बसून ऱ्हाता आन सुट्टीला अंग मोडून घेता. कंपनीत आराम लई झाला वाटतं." आक्का मागून हसल्या. आक्का बोलायच्या फार कमी, आणि बोलल्याच तर मावशींच्या कानात. दोघी शेजारी शेजारी बसून हळू आवाजात काहीतरी बोलत असल्या की त्यांच्याकडे बघत राहावंसं वाटे. इतकं गूळपीठ असलेल्या बहिणी मी आमच्या नात्यात तरी पाहिल्या नव्हत्या.

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं. सांगताना आजही मला शरम वाटते.

निखिलनं घरात दुसरी सायकल आणली तेव्हा त्याची बायको वैतागून म्हणाली होती, "आणलीस ना माझी सवत?" त्यानं हे आमच्या ग्रुपवर टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी ते उचललं. तेव्हापासून नवीन सायकल घेणं म्हणजे 'सवत आणणं'. जुनी सायकल थोरली, नवीन ती धाकटी. मग त्यावर विनोदांचं पीकच आलं. थोरली बाल्कनीत गंजतेय, थोरलीला आता कुणी विचारत नाही, थोरली गावी पाठवून दिली, धाकटीचे लाड चाललेत. शिकलीसवरलेली, बायकोच्या बरोबरीनं घरात भांडी घासणारी आम्ही माणसं, पण हे बोलताना आम्हाला काही खटकत नव्हतं. आणि हे सगळं आम्ही बोलायचो ते मावशींच्या बाकड्यांवर बसून, मोठमोठ्यानं, टाळ्या देत. आता आमच्यात कुणी सायकल घेतली तर 'सायकल घेतली' असंच म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर मी नवीन सायकल घेतली. आमच्यात रीतच पडली होती की नव्या सायकलीला हार घालायचा, पेढे वाटायचे. मी हँडलला झेंडूचा हार घालून टपरीवर पोचलो. सगळ्यांनी "आली, आली, सवत आली!" असा एकच ओरडा केला. मावशी पाणी आणायला खाली विहिरीकडे गेल्या होत्या. आक्का एकट्याच होत्या. मला काय बुद्धी झाली कोण जाणे, मी त्यांच्यापुढे सायकल उभी केली आणि म्हणालो, "आक्का, सवत आणलीय. ओवाळून घरात घ्या की!"

आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी कशी ओवाळू? माजं कपाळ मोकळं हाय." मला वाटलं, अडचण एवढीच आहे. विधवेनं ओवाळू नये असल्या गोष्टींचा मला मनापासून राग आहे, आणि तो राग दाखवायची ही नामी संधी मला चालून आल्यासारखी वाटली. "आम्ही असलं काही मानत नाही, आक्का. तुमच्याच हातून ओवाळून घ्यायचंय," मी म्हणालो. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का उठल्या. त्यांनी ताटलीत कापूर ठेवला, काडी ओढली आणि माझ्या सायकलीला ओवाळलं. ताटली त्यांच्या हातात थरथरत होती. मला तो म्हातारपणाचा कंप वाटला.

पुढच्या रविवारी आक्कांचं खोकं रिकामं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही. तब्येत बरी नसेल असं आम्ही धरून चाललो. मावशींनी चहा दिला, पण एका शब्दानं कुणाला टोकलं नाही. मी निघताना माझी बाटली भरायला मागं गेलो, तर त्या माझ्या मागोमाग आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला ऐकला नव्हता.

"तुमास्नी कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगितलं, मावशी?"

"आता येड पांघरू नका. आमच्या माण गावचं कुणी भेटलं आसंल तुमास्नी हिंजवडीत. नायतर तुमास्नी कसं कळावं, की आक्का न् मी बहिनी न्हाई? मी सवत हाय तिची."

माझ्या हातातली बाटली भरून वाहत होती आणि मला पिंपाचा नळ बंद करायचं भान नव्हतं.

मग त्या बोलतच राहिल्या. त्यांचं सासर हिंजवडीला लागूनच असलेल्या माणचं. आक्कांना सात वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं मावशींना आणलं. मावशी तेव्हा सतरा वर्षांच्या. "ह्या आक्कानं मला दारात ओवाळलं. सासूनं ताट दिलं तिच्या हातात आन म्हनली, सवतीला ओवाळून घरात घे. आख्खं गाव बघत व्हतं. तिचा हात नुसता कापत व्हता." पुढे मूल मावशींनाही झालं नाही. "मंग काय, दोघीबी सारक्याच झालो," त्या म्हणाल्या. एकीला मार बसला की दुसरी हळद लावायची. नवरा गेल्यावर दिरांनी जमीन कंपन्यांच्या दलालांना विकली, राहिलेल्या जागेवर भाड्याच्या खोल्या काढल्या. गावात यांना नावानं कुणी हाक मारत नव्हतं. ही थोरली सवत, ती धाकटी सवत. म्हणून दोघींनी कपड्यांचं बोचकं उचललं आणि जिथं कुणी ओळखत नाही अशा या रस्त्याला येऊन टपरी टाकली. पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, बहिणी का? आक्का म्हणाल्या, व्हय. तेव्हापासून त्या बहिणी होत्या.

"तुमी ते सवत, थोरली, धाकटी बोलायचा तवा आमी म्हनायचो, आसंल पोरांचं कायतरी. पर तुमी तर हार घालून आलात. तिच्याकडनं ओवाळूनच घेतलंत. लई वंगाळ केलंत. आक्का रडली न्हाई, काय न्हाई. नुसती म्हनली, हितंबी कळलं ग. आता मी येत न्हाई."

मी अक्षरशः हात जोडले. "मावशी, तसं नाही हो. आम्ही सायकलीला म्हणतो सवत. नवीन सायकल आणली की घरच्या बायका चिडतात, म्हणून."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझंच स्पष्टीकरण खोटं वाटायला लागलं. "सायकलीला सवत कोण म्हणंल?"

मी मोबाइल काढला. ग्रुपवरचे जुने मेसेज त्यांना वाचून दाखवले, निखिलच्या बायकोचं ते पहिलं वाक्यसुद्धा. गंजलेली थोरली, लाडाची धाकटी, सगळं वाचलं. एरवी ज्यावर आम्ही पोट धरून हसायचो ते एकेक वाक्य त्यांच्यासमोर उच्चारताना मला घाम फुटला. मावशी ऐकत होत्या. हळूहळू त्यांना खरं काय ते उमगलं आणि मग त्यांचा चेहरा एकदम पडला.

"मंजी तुमास्नी काय ठावंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मंजी मीच सांगितलं की!"

तो धक्का माझ्या धक्क्यापेक्षा मोठा होता. वीस वर्षं जपलेली गोष्ट त्यांच्याच तोंडून गेली होती, तीही एका पाचकळ विनोदापायी. मी शपथ घेतली की हे माझ्याजवळच राहील. "आक्काला कळू देऊ नका, मी बोलले म्हनून," एवढंच त्या म्हणाल्या आणि गिऱ्हाइकांकडे गेल्या.

घरी जाऊन त्यांनी आक्कांना फक्त सायकलीचं सांगितलं असावं, कारण पुढच्या रविवारी आक्का परत खोक्यावर होत्या. मला त्यांचे पाय धरायचे होते, पण मला काही माहीत नाही असं दाखवणं भाग होतं. मी नुसताच जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी लसणावरची नजर काढली नाही. "तुमच्या बायका सायकलीला म्हनत्यात व्हय सवत?" त्या म्हणाल्या. "मंग त्यांस्नी सवत ठावंच न्हाई."

ग्रुपला मी म्हणालो, हा शब्द बंद करूया. का, ते सांगता येत नव्हतं. बाईमाणसांचा अपमान होतो वगैरे बोलून पाहिलं, तर निखिल म्हणाला, "वहिनींनी दम दिलेला दिसतोय." मी म्हणालो, "हो, दिलाय." बिचाऱ्या माझ्या बायकोनं तोवर त्या शब्दावर अवाक्षरही काढलं नव्हतं. टपरीवर कुणी 'सव' म्हणालं रे म्हणालं की मी जोरात खोकायचो. त्यावरून माझं नाव खोकल्या पडलं. मी ते आनंदानं लावून घेतलं. मावशी तेव्हा माझ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायच्या आणि माझ्या पेल्यात न मागता आणखी चहा ओतायच्या.

माघात आक्का गेल्या. ताप आला, पौडच्या दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी संपलं. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. महिनाभर टपरी बंद होती. आम्ही जाता-येता बंद पत्र्याकडे बघून पुढे जायचो. मग एका रविवारी चूल पेटलेली दिसली.

आम्ही बारा जण होतो. सगळे गुपचूप सायकली झाडाला टेकवून बाकड्यांवर बसलो. मावशी निम्म्यानं वाळल्या होत्या. त्यांनी चहा केला, दिला, कुणाच्या सायकलीला नाव ठेवलं नाही. निखिलला राहवेना. मनानं तो फार चांगला मुलगा आहे. तो उठून त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, "मावशी, फार वाईट वाटलं. एवढ्या जिवाभावाची बहीण गेली तुमची."

मावशींनी पातेलं खाली ठेवलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मी खोकलो नाही. तो शब्द कुणी काढलाच नव्हता.

"बहीन न्हाई," त्या म्हणाल्या. "सवत व्हती माजी."

निखिलचं तोंड उघडंच राहिलं. एकेकाच्या डोळ्यांसमोर तो हार, तो कापूर, त्या टाळ्या येत असणार, कारण एकेकाची मान खाली जात होती. मला वाटलं, मावशींच्या तोंडून चुकून गेलं. मी पुढे होऊन म्हणालो, "मावशी, राहू द्या. कशाला सांगताय?"

"का न सांगू? ती व्हती तवर तिच्यासाटी झाकलं." त्यांचा आवाज चढला. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली, तरी त्या थांबल्या नाहीत. "बहिनीसाटी समदीच रडत्यात. मी सवतीसाटी रडतीया. कळू द्या समद्यांस्नी!"

आणि त्या तिथंच जमिनीवर बसल्या आणि आमच्या सगळ्यांच्या देखत हंबरडा फोडून रडल्या. आम्ही कुणीही त्यांना गप्प करायला गेलो नाही.