मामसासऱ्यांच्या ट्रॅक्टरचं बूच

रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. पण जावयावर रागवायचंच नाही असं व्रत घेतलेल्या माणसापुढे जावयाची धडगत नसते. माझे मामसासरे असे व्रतस्थ होते. चामोर्शीच्या अलीकडे, धानाच्या बांध्या संपून सागाचं जंगल सुरू होतं तिथे त्यांचं गाव. सन पन्नासनंतर कधीतरी एका जंगल-ठेकेदाराने टाकून दिलेला विलायती ट्रॅक्टर त्यांनी घरी आणला आणि गोठ्यात बांधला. बांधला म्हणजे खरोखरच, चाकाला दोर लावून. बैल ज्या बोडीचं, म्हणजे शेतातल्या तळ्याचं, गढूळ पाणी पीत, तेच त्यालाही पाजलं जाई. व्हायचं तेच झालं. इंजिनाच्या अंगावरची वाटीएवढी पत्र्याची बुचं गंजली आणि ट्रॅक्टर पाझरू लागला.

“थंड मुलखात पाणी गोठलं की ही बुचं निघून येतात, म्हणून इंजिन फुटत नाही,” मी ज्ञान पाजळलं.

“इथी पाणी कायले गोठते जी? इथी तं माणूस उकळून राह्यला!” मामा म्हणाले.

पण बुचं बदलणं भागच होतं. मामींना ट्रॅक्टरवर बसवून नदीकाठच्या मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेला नेण्याचा शब्द मामांनी दिला होता. मामींनी जत्रा कधी पाहिलीच नव्हती. दरवर्षी घरात काहीतरी निघायचंच. यंदा त्यांनी हिरवं लुगडं काढून ठेवलं होतं.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी सकाळी गंजकी बुचं निघाली, भोकं घासून लख्ख झाली. शुभकार्याचा पहिला मान जावयाचा, म्हणून मामांनी नारळ फोडून हातोडा माझ्या हाती दिला. “हळूच टेकवा, जवाईबापू. मानापुरतं.”

मी तो मान दंडातलं सगळं बळ एकवटून घेतला. नवं बूच भोकातून आरपार गेलं आणि खणखणत इंजिनाच्या पोटात जाऊन बसलं.

मामा हातोड्यावर कडाडले, “कुठी थांबाचं, समजत नाई का रे तुले?” मग बैलाकडे वळले, “आन् तू काऊन पाहून राह्यला, ढोरा?” त्या दोघांच्या वतीने मान मी खाली घातली.

मग आम्ही तार वाकवून बूच गळाला लावत बसलो. समोरून जत्रेला निघालेल्या दमण्यांचे बैल घुंगरं वाजवत जात होते. मामी लुगडं नेसून केव्हाच ट्रॅक्टरवर चढून बसल्या होत्या.

“काऊन बाई, जत्रेले नाई जात का?” शेजारणीने विचारलं.

“जाऊन तं राह्यली! गाडीवर बसली नाई का मी?”

बूच सापडून जागी बसलं आणि ट्रॅक्टर धडधडू लागला तोवर दिवस कलला होता, जत्रा उठून गेली होती. तरीही मामांनी मामींना नेलंच. ट्रॅक्टर पुन्हा पाझरलाच तर म्हणून पाण्याचा डबा मांडीवर घेऊन मी मागे बसलो होतो. नदीच्या वाळूत फुटके नारळ आणि विझलेल्या चुली तेवढ्या उरल्या होत्या.

“गर्दी नाई, बरं झालं,” मामा म्हणाले.

मामींनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, “तो मोठा पाळणा कुठी लागते जी?”

मामांनी बोटाने जागा दाखवली. मामी तिथवर चालत गेल्या, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ वर बघत राहिल्या. मामांनी इंजिन बंद केलं. आम्ही दोघंही नदीकडे पाहू लागलो.