केदारनाथच्या अर्ध्या वाटेवर

अँजिओप्लास्टी झाल्यापासून मला जिनासुद्धा जड जाई. कामतघरला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. मध्ये एकदा टेकावंच लागे. तरी केदारनाथचा ध्यास सुटेना. खरं सांगायचं तर त्यात श्रद्धेपेक्षा भीती जास्त होती. आता नाही गेलो तर कधीच नाही, असं वाटे. डॉक्टरांनी तपासण्या करून परवानगी दिली, पण बजावलं, "थांबत थांबत चढा, गोळ्या चुकवू नका. आणि बसूनही धाप थांबली नाही, तर लगेच खाली यायचं."

आम्ही दोघांनी सगळं पाळलं. वाटेत मुक्काम केले, चढासाठी घोडे घेतले. तरी अर्ध्या वाटेवर माझी छाती भरून आली. घोड्यावरून उतरून दगडावर बसलो. धाप काही थांबेना. बायको म्हणाली, "अहो, परत जाऊ या." मी मानेनेच नाही म्हटलं. इतक्या लांब येऊन फिरायचं, हे मन घेईना. देवाला म्हटलं, मला आता ठरवायचंही त्राण नाही, तूच बघ.

शेजारी एक म्हातारी गुडघे धरून बसली होती. अचानक आपल्याकडची बोली कानी आली. "दादा, मराठी हाय ना तुमी? मी पडघ्याकडची. गुडघं चालत न्हायत. आमची माणसं वर गेली. मला खाली न्याल का? एकटीला भ्या वाटतंय."

बायकोला नाही म्हणालो होतो, पण त्या माउलीला नाही म्हणवेना. तिच्यासाठी घोडा केला आणि तिघं उतरलो.

गौरीकुंडच्या दवाखान्यात मला ऑक्सिजन लावला. तिथले डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसात पाणी भरू लागलं होतं. अजून वर गेला असतात तर कठीण होतं."

संध्याकाळी बायको बाहेर पाहून आली. वरून उतरलेली तिची माणसं म्हातारीला भेटली होती, त्यांच्याबरोबर ती निघूनही गेली होती. तिचं नाव विचारायचं राहिलं. ती कोण, कुणी धाडली, याचा विचार करण्याइतकीही ताकद नव्हती. हात जोडावेत म्हटलं, तर एका हाताला सुई होती.

मंदिर पाहिलं नाही, आता पाहणारही नाही. घरून निघताना देवाकडे मागायचं पुष्कळ होतं. त्या खाटेवर एकही मागणं आठवेना. श्वास येत होता, जात होता. त्यातला एकही माझ्या हातात नव्हता, आणि पहिल्यांदाच त्याची भीती वाटली नाही. बायकोने अंगावर शाल घातली. मी डोळे मिटले आणि निवांत झोपलो.