चोरीला न गेलेलं घड्याळ

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. सुरुवात मात्र मी छाती फुगवून केली होती.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात नवा फौजदार होतो. जीप जुनी, मिशा नव्या! एका ख्रिस्ती गुरुजींनी फिर्याद दिली, घरातलं मनगटी घड्याळ गेलं. घरी चुनाकाम चालू होतं, म्हणून संशय रंगाऱ्यावर. खबऱ्या म्हणाला, "साहेब, त्याच्यावर पहिले बी चोरीची केस हाय." मला तेवढं पुरलं. भर दुपारी बेड्या घालून त्याला वस्तीतून चालवत आणलं, सगळ्यांना दिसावं म्हणून मुद्दाम हळू. नळावरची एक म्हातारी पुटपुटली, "आता कोण घरात घेते याले कामाले!"

चौकशी कशी झाली, ते सांगायला नको. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्याने कबूल केलं, घड्याळ उमरेडला विकलं. दुकानदाराच्या टोपीचासुद्धा रंग सांगितला! मी ठाण्यात पेढे वाटले आणि त्याला एसटीने उमरेडला नेलं. गावभर फिरलो. ना दुकान, ना टोपी.

शनिवारी सकाळी गुरुजी ठाण्यात हजर. हातात घड्याळ! घरच्या प्रार्थनासभेत उपदेश लांबू नये म्हणून गुरुजी घड्याळ काढून हार्मोनियमवर ठेवत. ते फटीतून आत घसरलं होतं. सूर अडकला, पेटी खोलली, तेव्हा सापडलं.

मी रंगाऱ्यावर ओरडलो, "काहून बे, मग उमरेड कुठून काढलंस?"

"तुमी मारून राहिले होते साहेब. मले वाटलं, येष्टीत बसलो का तेवढा वेळ तरी मार थांबते."

हवालदार हसला. मीही हसलो. गुरुजी हसले नाहीत.

"सोडतो त्याला. लिखापढी कशाला?" मी म्हणालो. कोर्टापुढे उभं न करता त्याला दोन दिवस डांबलं होतं, तेही कागदावर आलं असतं.

"माझा संशय खोटा होता, हे लिहाच," गुरुजी म्हणाले. "उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन आहे, प्रभूच्या मेजावरची भाकर घ्यायची. ज्याचा अपराध केला त्याच्याशी समेट न करता त्या मेजाशी मी कसा जाऊ?"

लिहावं लागलं. मग गुरुजी रंगाऱ्याबरोबर पायी वस्तीत निघाले. मागून मी जीपने. नळापाशी गुरुजींनी टोपी काढून त्याला हात जोडले.

"घड्याळ माझ्याच घरात होतं. हा निर्दोष आहे. चूक माझी." आणि खिशातली घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "राहिलेल्या भिंती सोमवारी पूर्ण कर. मी शाळेत असलो तरी ये."

रंगारी रडायला लागला. "तुमी कायले हात जोडता, गुरुजी? तुमी तं मले बोट बी नाही लावलं."

"मंग ज्यानं लावलं," म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, "थो काहून जीपीत बसून हाय?"

गुरुजींनी नुसता संशय घेतला होता. हात मी उचलला होता. देवाधर्माचं मला फारसं कळत नाही, पण चूक जिथे केली तिथेच जाऊन, चारचौघांत कबूल करायची असते, एवढं मला त्या दिवशी कळलं. कळून काय उपयोग? जीपमधून उतरायला दोन पावलं पुरतात. मी ड्रायव्हरला म्हणालो, "चल."