ओळ सोडायला शिकले तो वर्षावास

पहिल्या खेपेला मी नापास झाले नाही. परदेशी शिकायला जाण्याच्या त्या प्रवेशपरीक्षेत नापास कोणी होतच नाही, नुसता आकडा येतो. माझा आकडा असा आला की परदेशातल्या कोणत्याही विद्यापीठाने दारातूनच परत पाठवावं. गणिताला काही धाड भरली नव्हती. इंग्रजी वाचनाने घात केला. वेळ संपला, संगणकाचा पडदा आपोआप बदलला, आणि मी अजून तिसऱ्या उताऱ्यातल्या एका देवमाशापाशी होते. पुढचे उतारे कशावर होते ते मला कधी कळलंच नाही.

मला संख्याशास्त्रात पुढे शिकायचं होतं आणि ते बाहेर जाऊनच शिकायचं होतं. नागपूर केंद्रावरून वर्धेपर्यंत एसटीच्या खिडकीत डोकं टेकून आले. बाबा त्याच एसटीत कंडक्टर, त्यामुळे तिकिटाच्या जागी त्यांना निकालच सांगायचा होता. ते ऐकून पुढच्या सीटची तिकिटं काढायला गेले. आई अंगणवाडीत काम करते, तिने घरी आल्यावर हिशोबाने सांगितलं की अजून एक खेप कर, त्यात जमलं तर जा, नाही जमलं तर इथेच बी.एड. करून शाळेत लागायचं. मला शाळेत लागायचं नव्हतं. पोरांवर ओरडायला मला पगार लागत नाही, ते मी फुकटात करते, हे आमच्या पिपरी मेघेत सगळ्यांना माहीत आहे.

आपण इतकं हळू का वाचतो, याचा मी महिनाभर विचार केला. उत्तर आमच्या घराच्या भिंतीपलीकडेच होतं, बौद्ध विहारात.

आमच्याकडे आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात वंदना होते आणि मग एकाने ग्रंथ वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. नववीपासून तो वाचणारा एक म्हणजे मी. आवाज खणखणीत आणि जोडाक्षरांना न अडखळणारी जीभ, एवढ्या भांडवलावर मला ते आसन मिळालं होतं. पांढरी ओढणी घ्यायची, चौरंगावरचा ग्रंथ उघडायचा, काल जिथे मोरपीस ठेवलं तिथून सुरू करायचं.

आणि समोर, खांबाला पाठ लावून, जिनवाली माय. तिची हयात जिनिंग फॅक्टरीत कापूस निवडण्यात गेली म्हणून तिला सगळे जिनवाली माय म्हणायचे. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. पण तीस-पस्तीस वर्षावास ऐकून ऐकून तिला ग्रंथ असा पाठ झाला होता की वाचणाऱ्याची एक ओळ सुटली तर तिची काठी फरशीवर वाजायची. ठक. काठी वाजली की वाचणाऱ्याने मुकाट्याने वाक्याच्या सुरुवातीला जायचं आणि पुन्हा वाचायचं. भंतेजी आले तरी त्यांनाही हाच कायदा.

दहावीत असताना मला एकदा पाहायचं होतं की हिला खरंच कळतं का. एका लांबलचक परिच्छेदातली मधली ओळ मी मुद्दाम गाळली, आवाजात काही फरक न करता. ठक. मी वर पाहिलं.

"काऊन व, घाई आहे का तुले?" ती म्हणाली.

सगळं विहार हसलं. त्यानंतर सात वर्षं माझी एक ओळ सुटली नाही. डोळा असा तयार झाला की प्रत्येक शब्दावर पाय ठेवूनच पुढे जायचा. परीक्षेतला देवमासाही मी तसाच वाचला, मांडी घालून, आदराने. लेखकाच्या म्हणण्यात कच्चं काय आहे, असा प्रश्न यायचा आणि मी मनातल्या मनात चपापायची. छापलेलं आहे, आपण कोण कच्चं म्हणणारे? हा असा दोष कोणत्याही क्लासच्या पुस्तकात लिहिलेला नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, यंदा वर्षावासात वाचायचं नाही. हे मायला स्वतः जाऊन सांगायला हवं होतं. मी आईकडून निरोप धाडला. भित्री आहे मी. तोंडाने फटकळ माणसं बहुतेक असतातच.

मग वरच्या खोलीत माझं सुरू झालं. मोबाईलवर वेळ लावायची आणि उतारा फाडायचा. पहिली ओळ वाचायची, शेवटची वाचायची, मध्ये जिथे 'पण' किंवा 'तरीही' आहे तिथे नजर टाकायची, बाकी सोडून द्यायचं. सोडणं किती अवघड असतं म्हणून सांगू. सुरुवातीला प्रत्येक सुटलेल्या ओळीला मानेवर काटा यायचा, आत्ता काठी वाजेल म्हणून. वाजायची नाही. खोलीत माझ्याशिवाय होतं कोण?

शब्दांचं तर विचारू नका. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या चिठ्ठ्या करून एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ. फार बोलून काहीच न सांगणारा, वरवर नम्र आणि आतून मतलबी, कारण नसताना भांडणारा, असल्या सगळ्या माणसांना इंग्रजीत एकेक शब्द आहे. ती सगळी माणसं आमच्या गल्लीत होती, पण तो शब्द ज्याला ऐकवावा असा एकही माणूस नव्हता. चौकातल्या अभ्यासिकेत जाऊन पाहिलं. तिथे तलाठी, पोलीस भरती, ग्रामसेवक यांची तयारी करणाऱ्या मुली गोल करून बसायच्या, एक विचारायची, दुसरी सांगायची, चुकली की हसायच्या. चहाला एकत्र जायच्या. माझ्या चिठ्ठ्या हातात घेऊन एकीने पाहिल्या आणि हे आमच्या सिलॅबसमध्ये नाही म्हणून प्रेमाने परत दिल्या. आठवडाभर जाऊन मी घरी परतले आणि गॅस सिलिंडरशी इंग्रजीत भांडू लागले. तो ऐकून घ्यायचा.

मी एकटी पडले होते. आई-बाबा खाली असताना, गल्लीत चिक्कार माणसं असताना एकटी पडले होते, आणि हे कोणाला सांगावं तर मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मला कोणी हाक मारू नका.

संध्याकाळी खिडकीतून विहाराचा आवाज यायचा. माझ्या जागी कोणी तयार झालं नव्हतं. दोघी-तिघींनी वाचून पाहिलं, काठीला घाबरून पुन्हा आसनावर बसल्या नाहीत. मग कमिटीने डोकं चालवलं आणि मोबाईलवरचं वाचन ब्लूटूथच्या डब्यावर लावायला सुरुवात केली. कोण्या शिकलेल्या पुरुषाचा घोटीव आवाज होता. मी खिडकी लावून घ्यायची, पण तो आवाज यायचाच.

एका संध्याकाळी मी घड्याळ लावून उतारा सोडवत होते. पलीकडे तो आवाज वाचत होता, आणि मला मध्येच जाणवलं की ओळ गेली. मला तो भाग पाठ होता. रेकॉर्डिंग करणाऱ्याने आटोपतं घेतलं असावं. लगेच काठी वाजली. ठक. आवाज पुढे गेला. पुन्हा ठक, जरा जोराने. आवाज आपला वाचतोच आहे. तिसऱ्यांदा काठी वाजली ती अगदी हलकी, आणि नंतर वाजली नाही.

मला खाली जाता आलं असतं. भिंतीपलीकडेच तर होतं. मोबाईलवर चार मिनिटं उरली होती, मी उतारा पूर्ण केला. पाचपैकी पाच बरोबर. तेव्हापासून विहारात काठी कधी वाजली नाही. आईने नंतर सांगितलं, माय म्हणते, त्या डब्याले थांब म्हनता येत नाई, मंग आपन काऊन हात दुखवावा.

परीक्षा अश्विन पौर्णिमेच्या आठ दिवस आधी झाली. सगळे उतारे संपवून माझ्याकडे वेळ उरला. शेवटचा उतारा, योगायोग म्हणा, कापूस वेचणाऱ्या आणि निवडणाऱ्या बायांवर होता. पहिली ओळ, शेवटची ओळ, मधला 'तरीही'. प्रश्न सुटले. पडद्यावर आकडा आला आणि तो चांगला होता, मला पाहिजे होता त्याच्याही वर. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आनंदानेच.

बसमध्ये बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि पोरी, काय आलं होतं सांग तरी, असं विचारलं. मागच्या खेपेचा देवमासा अजून लक्षात होता, तसं मी काही आठवायला लागले. कापसाच्या बायांवर होतं, म्हटलं. काय होतं त्यांच्यावर? मला एक शब्द आठवेना. त्या बाया कुठल्या, त्यांचं काय झालं, काहीच नाही. मी त्यांच्यावरून गेले होते, त्यांच्यापाशी थांबले नव्हते. बाबांना मी म्हटलं, खूप मोठं होतं, घरी गेल्यावर सांगते.

समारोपाच्या दिवशी कमिटीची माणसं घरी आली की शेवटचं प्रकरण तुम्हीच वाचा, डब्यावर शोभत नाही. पांढरी ओढणी घेतली. विहार भरलं होतं, मागे खिरीचं पातेलं उतरलेलं, वेलचीचा वास सुटलेला. माय खांबापाशी होती. तीन महिन्यांत जरा आकसली होती. मी हात जोडले, तिने मान हलवली. रुसवा नव्हता तिच्या चेहऱ्यावर, असता तर मला बरं वाटलं असतं.

मी वाचायला लागले. आवाज तोच होता. लोक तल्लीन झाले होते. तिसऱ्या पानावर माझी नजर आपोआप परिच्छेदाच्या तळाला गेली आणि जीभ तिच्या मागे गेली. एक ओळ सुटली. मला कळलं. मी वाचता वाचता थांबले, अर्धा श्वास, काठीसाठी.

काठी वाजली नाही.

मागे जाऊन ती ओळ मला वाचता आली असती. कोणी अडवलं नव्हतं. पण काठी वाजल्याशिवाय मागे जायची मला सवयच नव्हती. मी पुढे वाचत गेले आणि संपवलं. सगळ्यांनी साधू साधू म्हटलं.

खीर वाटताना मी तिची वाटी घेऊन तिच्यापाशी बसले. मला वाटलं होतं तिचं ऐकू येणं कमी झालं असेल, आणि खरं सांगते, तसं असावं अशी माझी इच्छा होती. मी हळूच म्हटलं की माय, माझी एक ओळ सुटली.

"दोन सुटल्या," ती म्हणाली.

मला एकच ठाऊक होती. मी विचारलं, मग थांबवलं का नाही? तिने वाटीतली खीर चमच्याने जरा गार केली.

"तू आता जाऊन राह्यली ना, बाई," ती म्हणाली. "जानाऱ्याले किती डाव थांबवावं?"

तिने खीर खाल्ली, वाटी पुसून माझ्या हातात दिली, आणि सुनेचा हात धरून उठली. काठी काखेत होती. दुसरी ओळ कोणती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आले तेव्हा आई विहारातली भांडी घासायला निघाली होती. पदर खोचता खोचता तिने विचारलं, कसं झालं वाचन?

चांगलं झालं, मी म्हटलं. कोणी थांबवलं नाही.