सामानाजवळ कोण बसणार

आमच्या घरात सहलीची आखणी मी करते, कारण दुसऱ्या कुणी केलेली मला पटत नाही. नवरा म्हणतो, ही सहलीला जात नाही, तपासणीला जाते. म्हणू दे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी, म्हणजे मी, नवरा, पंधरा वर्षांची मुलगी आणि माझी आई, मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं, तेव्हा सगळ्यात खालची, खिडकी नसलेली केबिन मीच निवडली. समुद्र बघायला वर डेक आहे, झोपायला खिडकी कशाला लागते?

पण खरी लूट जहाजाबाहेर होती. जहाज दोन बेटांपाशी थांबणार होतं आणि दोन्हीकडे क्रूझवाल्यांची स्वतःची सहल होती. छत्रीचे पैसे वेगळे, आरामखुर्चीचे वेगळे, पाण्याखालचे मासे बघायला लागणाऱ्या मास्कचे आणि नळीचे तर विचारूच नका. तेवढ्या पैशांत आम्ही महाबळेश्वरला चार दिवस राहून आलो असतो. मी आधी चिडले आणि मग कामाला लागले. तीन आठवडे ऑफिसातून धायरीला घरी येताना, सिंहगड रोडच्या गर्दीत बसमध्ये उभी राहून, तिथे जाऊन आलेल्या लोकांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं. पहिल्या बेटावर नुसतं डुंबायचं, किनारा फुकट आहे. दुसऱ्या बेटावर प्रवाळ काठाच्या इतकं जवळ आहे की होडीही लागत नाही, छातीएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचं आणि तोंड खाली घालायचं. सोबतीला तिथलाच एक माणूस घ्यायचा. मास्क पुण्यातून विकत न्यायचे, खुर्च्यांऐवजी घरची चटई.

हे सगळं मी छापून फ्रिजवर लावलं. किती वाजता, कुठे, कुणी काय करायचं. दुसऱ्या बेटापुढे लिहिलं होतं: आम्ही तिघं पाण्यात, आई सामानाजवळ.

त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. आपल्या लोकांच्या सहलीत कुणीतरी सामानाजवळ बसतंच. पाकिटं, मोबाइल, चपला आणि कोरडे कपडे एका ढिगात ठेवायचे आणि त्या ढिगाशेजारी एक माणूस ठेवायचं. आमच्याकडे ते माणूस म्हणजे आई. अलिबागला ती बसली, दापोलीला बसली, पानशेतला पावसात छत्री धरून बसली. तिने कधी तक्रार केली नाही आणि मी कधी विचारलं नाही.

मास्क आले त्या रविवारी मुलीने बाल्कनीत कपडे भिजवायचा मोठा टब पाण्याने भरला. कोण किती वेळ तोंड बुडवून राहतं, हे ती मोबाइलवर मोजणार होती. नवऱ्याने मोठ्या ऐटीत मास्क चढवला आणि क्षणात ठसकत वर आला. मुलगी त्याच्यापेक्षा जरा बरी निघाली. आई शेजारी पाटावर बसून मटार सोलत होती. तिने परात बाजूला ठेवली, चष्मा काढून नातीच्या हातात दिला आणि पदर खोचला. मुलगी मास्क द्यायला लागली तर म्हणाली, "ते नको." आणि तोंड पाण्यात घातलं.

मुलगी हसत हसत आकडे मोजत होती. मग तिचं हसू थांबलं. मग तिने मला हाक मारली. मी स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी धावत आले तेव्हा आई तशीच होती, दोन्ही हात टबाच्या काठावर, मान पाण्यात, अंग अगदी स्थिर. सदुसष्ट वर्षांची बाई, रोज रक्तदाबाची गोळी घेणारी. मी तिचा खांदा धरून तिला मागे ओढलं.

ती वर आली. धापबीप काही नाही. चेहऱ्यावरून पाणी निथळत होतं आणि ती वैतागली होती.

"ओढलंस कशाला? अजून दम होता मला."

नवरा म्हणाला, "आई, तुम्हाला पोहता येतं?"

"येतं की," आई म्हणाली, चहा करता येतो म्हणावं तसं.

कुठे शिकलीस, असं नातीने विचारलं. आई लोणी काळभोरची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिचं सगळं आयुष्य पुण्यात गेलं आणि तिचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे, पण गावाकडचं सांगायला लागली की तिची भाषा गावी निघून जाते.

"कालव्यात. विहिरीत आमाला कुठं उतरू देत व्हते? विहीर गावाची. कालवा सरकारचा व्हता, तिथं कोन आडवनार? आमच्या बौद्धवाड्यातली समदी पोरं तिथंच. मी पुलावरनं मुटका मारायची. गुडघं पोटाशी धरायचं आन् टाकायचं अंग."

बेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं, ती पुलावरून कालव्यात उड्या मारायची आणि मला त्याचा पत्ता नाही. आईने चष्मा परत घातला, फ्रिजकडे बघितलं आणि आपल्या पुण्याच्या मराठीत म्हणाली, "आणि मला तिथे सामानाजवळ बसवलंय. मलाही बघायचेत ते मासे."

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आला तिचा. "मग इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं," एवढंच म्हणाली. मग नातीकडे बघून परात उचलली आणि मला कुकर लावायला सांगितलं. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने मटार किती महाग झालेत ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत आणि नवरा कामावर गेल्यावर मी ऑफिसला उशिरा येते असं कळवलं आणि आईसमोर बसले. ती मेथी निवडत होती. म्हटलं, आता सांग.

मी दहा वर्षांची असताना मला सुट्टीत पोहायला टँकवर घातलं होतं, ते मला लख्ख आठवतं. लाल टोपी, क्लोरीनने होणारी डोळ्यांची आग, बाहेरची ओली भेळ. शनिवार पेठेतल्या माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी सोबत होत्या. आई बाकावर माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसायची, तेही आठवतं. आईने सांगितलं ते बाकावर बसण्याच्या आधीचं होतं.

माझा अर्ज भरताना तिने स्वतःचाही भरला होता. आमच्या बॅचच्या आधी बायकांची बॅच असायची. तिने ड्युट्या बदलून घेतल्या, पोहायचा पोशाख शिवून घेतला आणि तीन दिवस पोहली. चौथ्या दिवशी आम्ही मुली लवकर पोचलो. मला बघून तिला आनंद झाला. मला दाखवावं म्हणून ती काठावर चढली आणि तिने मुटका मारला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं, बायका ओरडल्या, माझ्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. आईने पाण्यातून मला हात केला. एका मैत्रिणीने मला विचारलं, ती गावठी बाई तुला हात का करते, कोण आहे?

"तू म्हणालीस, आमच्याकडे कामाला येते," आई म्हणाली. "पाण्यावरून आवाज लांब जातो."

मी म्हणाले, शक्यच नाही. खरंच असं म्हणाले. आमच्या सोसायटीत कामवाल्या बायकांना वेगळी लिफ्ट ठेवायचं घाटत होतं, तेव्हा कमिटीशी भांडून तो ठराव मीच हाणून पाडला होता. मी असं कसं म्हणेन? मी डोकं खाजवून खाजवून आठवलं. टोपी आठवली, भेळ आठवली, टँकच्या निळ्या फरशा आठवल्या. ते वाक्य कुठेही नव्हतं. मी ते बोलून विसरून गेले होते आणि तिने ते बत्तीस वर्षं सांभाळलं होतं. मला कुणी कानफटात मारली असती तर इतकी हादरले नसते.

"मला मारलं का नाहीस?"

"मारून काय? मग मला आई म्हणाली असतीस?" तिने मेथीची एक काडी मोडली. "दहा वर्षांची होतीस. त्या मुलींच्या घरी नुकती जायला लागली होतीस. तू घाबरलेली होतीस, मला दिसत होतं."

"मग दुसऱ्या दिवशी बाकावर का आलीस?"

"तुला पोहता यायला पाहिजे होतं. मी पाण्यात राहिले असते तर तू येणं बंद केलं असतंस." पोशाखाचं काय केलं, ते मी विचारलं. दवाखान्यातल्या एका सिस्टरला देऊन टाकला, म्हणाली. त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. समुद्रावरसुद्धा नाही.

मी रडले. तिला ते आवडलं नाही. "ऑफिसला जायचंय ना तुला," म्हणाली. मग जरा वेळाने, मेथीकडे बघत, "दम आहे, पण हात चालतात का ते बघायला पाहिजे. समुद्रात एकदम नको. आधी टँकवर जाऊ."

दोन दिवसांनी, सकाळच्या बायकांच्या बॅचला, आम्ही दोघी घराजवळच्या टँकवर गेलो. नवा पोशाख तिने स्वतः निवडला होता, गडद निळा. तिकिटाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "सोबत आलेल्यांना आत सोडत नाही."

"सोबत नाही आल्या. त्या पोहणार आहेत," मी आईकडे हात करून म्हणाले.

"वय?"

मी वय सांगितलं.

"साठीच्या पुढे घरच्या माणसाची सही लागते. या कोण तुमच्या?"

आई दाराशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून, पाण्याकडे बघत. तिची मान ताठ झालेली मला दिसली. ती वळली नाही.

"आई," मी म्हणाले. "माझी आई आहे ती."

माझा आवाज इतका मोठा निघाला की रांगेतल्या दोन बायका बघायला लागल्या. गृहस्थांनी पेन थांबवलं. "मॅडम, हळू सांगितलं तरी लिहिता येतं मला."

तेव्हा आई वळली. "काय म्हणालीस?" तिने विचारलं.

तिचे कान अजून ठणठणीत आहेत. मी पुन्हा सांगितलं.